शेवटचा तुकडा राहिला

७ जानेवारी

धाकटी म्हणाली, "दादा, सकाळपासून माझं डोकं खातोयस. जे काय सांगायचंय ते वहीत लिही आणि मला टपाल लावू दे." धाकटी म्हणजे माझी सख्खी बहीण, या गावची पोस्टमास्तर. पोस्टाच्या मागच्या दोन खोल्यांत राहते आणि माझ्याहून लहान असून माझी आई असल्यासारखी वागते. म्हणून ही वही.

तर सांगायचंय ते हे. मी आयुष्यभर शहराच्या रस्ते खात्यात दिशादर्शक फलक लावले. पुढे पूल आहे, रुग्णालय डावीकडे, काम चालू, वळसा घ्या. माझ्या फलकामुळे एकही माणूस भलत्या रस्त्याला लागला नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. मग निवृत्त झालो, मग ही गेली, आणि तेव्हापासून नुसता बसून आहे. चिरंजीवांनी ठरवलंय की मार्चअखेर मी त्यांच्याकडे कायमचं राहायला जायचं. मुलगा गुणी आहे, सूनबाई त्याहून गुणी. पण अकराव्या मजल्यावरच्या त्या खोलीतून समोरच्या इमारतीच्या न्हाणीघरांच्या खिडक्या दिसतात, बाकी काही नाही. तिथे मी करायचं काय? रिमोट कुठे गेला ते शोधायचं.

आज ग्रामसमितीचे अध्यक्ष पोस्टात आले होते. कौलांचा कारखाना आहे त्यांचा, बोलतातही कौलं उतरवल्यासारखे, एकेक शब्द धपकन. म्हणाले, गावाभोवती इतकं बघण्यासारखं आहे आणि येणारा पाहुणा पुलावर फोटो काढून निघून जातो. तीन वाटा आखून द्या, बाण रंगवा, मार्चमध्ये उद्घाटन करू. जमलं तर समिती तुम्हाला वाटांचा राखणदार नेमेल आणि जुन्या जकात नाक्यातली खोली राहायला देईल.

म्हणजे जमलं तर इथे राहायचं, नाही तर अकरावा मजला. मी लगेच हो म्हटलं. धाकटीने शिक्का इतक्या जोरात मारला की मला कळलं, तिला आनंद झाला.

९ जानेवारी

पहिली वाट नदीकाठची. समितीच्या कार्यालयापासून निघालो, वस्ती संपल्यावर काठाकाठाने गेलो. काय नदी आहे! शहरात मी नदी फक्त पुलावरून, तीही फलकाचे खांब मोजताना पाहिली. इथे ती इतकी संथ जाते की चालते की नाही हे बघायला एखादं पान यावं लागतं. दोन्ही काठांना वाळुंजाची झाडं वाकून पाण्यात फांद्या बुडवून उभी, मधल्या वाळूच्या बेटावर पाणकावळे पंख वाळत घालून बसलेले.

जुना पूल जवळून पाहिला. खालून, कमानीच्या आत उभं राहून बघायला हवा. प्रत्येक दगडावर घडवणाऱ्याने आपली खूण कोरली आहे. कुणाची मासळी, कुणाची चांदणी, कुणाची नुसती फुली. कुणी राजा नाही, कुणाचं नाव नाही. आम्ही खात्यात फलकाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात आपली सही करायचो, त्याची आठवण झाली. हात लावून बघितलं. एका खांबाला टेकून वर बघत होतो, तर मागून आवाज आला, "ओ, सरका तिथून. पट्टी झाकताय."

खांबावर उभी पांढरी पट्टी रंगवली आहे, तिच्यावर काळे आकडे. नदीची पातळी मोजायची. पायऱ्यांच्या वरच्या अंगाला एक छोटं घर, पुढे अंगण, आणि ओरडणाऱ्या बाई त्याच घरातल्या. जलखात्याच्या नोकर. दिवसातून तीनदा, सकाळी, दुपारी, संध्याकाळी, पाणी कुठवर आहे ते बघून खात्याला कळवायचं. गाव त्यांना पट्टीबाई म्हणतं. पन्नाशीच्या पुढच्या असतील, केस आखूड कापलेले, पायात पुरुषी बूट.

मी म्हटलं, "पाणी काय कालच्यापेक्षा वेगळं असणार आहे?"

म्हणाल्या, "तुम्ही तरी कालच्यापेक्षा वेगळे आहात का? तरी पोस्टमास्तर बाईंनी रोज बघायचंच ना तुमच्याकडे."

फटकळ बाई.

१४ जानेवारी

पहिल्या वाटेचे बाण रंगवायला घेतले. पिवळा रंग, तळव्याएवढा बाण. झाडाला खिळा नाही, जुन्या बांधकामाला बोट नाही. कुंपणाचे खांब, मैलाचे दगड आणि मी स्वतः पुरलेले खुंट, एवढ्यावरच. हे माझे नियम आहेत आणि अध्यक्षांनी कमानीवर मोठा फलक हवा म्हटलं तेव्हा मी त्यांना ते सांगितले. ते म्हणाले, "बरं बाबा." धपकन.

पुलाच्या अलीकडच्या भिंतीवर पुराच्या रेघा कोरलेल्या आहेत. एकावर एक. खालच्या माझ्या गुडघ्याशी, वरची माझ्या डोक्याच्याही वर. त्या वरच्या रेघेखाली उभं राहून मी शांत झालेल्या नदीकडे बघितलं. इतकी सोज्वळ दिसते, आणि एके दिवशी इथवर आली होती! वाट इथून नेलीच पाहिजे.

बाण रंगवत पट्टीबाईंच्या अंगणापर्यंत आलो. तिथून परत कार्यालयापर्यंत नुसती गल्ली आहे, चार खुंट पुरले की काम झालं. पण बाईंनी चहा पुढे केला. नको म्हणणं बरं दिसलं नसतं. अंगणात ओटा आहे, अक्रोडाची सावली आहे, रांजणात गार पाणी आहे. चालून आलेल्या माणसाला विसावा हवा, तो इथे आपसूक मिळतो. खात्यात असतो तर हे ठिकाण मी विश्रांतीस्थान म्हणून लाल अक्षरात नोंदलं असतं.

खंड्या पट्टीवर येऊन बसला. निळाभोर. मी म्हटलं, "खंड्या."

"मी त्यांना साहेब म्हणते," बाई म्हणाल्या. "तपासणीला येतात. आकडा बघतात, शेरा न मारता जातात. सगळे साहेब असे असते तर!"

अंधारून आलं. शेवटचा तुकडा राहिला. उद्या करू.

२० जानेवारी

बुरुजाची वाट. चढ चांगलाच आहे, पोटऱ्या दुखल्या. पण वर गेल्यावर! गोल दगडी बुरुज, आत भिंतीला चिकटून फिरत जाणारा जिना. पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झाल्या आहेत. किती पहारेकरी चढले असतील, किती जण कुरकुरत, किती जण झोपाळलेले. त्या खोलग्यांत माझा पाय बरोबर बसत होता. वरून नदीची तीन वळणं एकदम दिसतात आणि गाव त्यांच्या कुशीत झोपलेलं. मी आयुष्यभर नकाशावर बोट ठेवून लोकांना वाट सांगितली. नकाशा इतका देखणा असतो हे आज कळलं. बराच वेळ पाय निघेना.

उतरताना दोन रस्ते आहेत. एक सरळ बाजारात, तिथून कार्यालय दोन पावलांवर. दुसरा जरा लांबून, झाडीतून नदीवर उतरतो, पट्टीबाईंच्या अंगणाशी. बाजाराचा रस्ता रटाळ आहे. टायरांची दुकानं आणि गॅसची गाडी. पाहुण्यांना बुरुज दाखवून शेवटी टायर दाखवायचे? वाट नदीवरून नेली.

बाईंना बुरुजाचं सगळं सांगितलं. चहा गार होईपर्यंत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मी एकदाही गेले नाही वर."

मी चाटच पडलो. "इतकी वर्षं इथे राहता, आणि बुरुज नाही पाहिला?"

"सकाळचं माप घेतलं की दुपारचं येतंच. वर जाऊन उतरायचं म्हटलं तर दुपारचं चुकतं. आणि माझं चुकत नाही."

"रजा?"

"नदीला सांगा रजेवर जायला, मग मीही जाते." हसल्या. लग्नाचंही असंच झालं म्हणाल्या. बघायला यायचे ते दुपारी यायचे.

गल्लीतला तुकडा राहिलाच.

२१ जानेवारी

बुरुजाच्या वाटेवर दोन बाण नीट दिसत नाहीत असा संशय आला म्हणून पुन्हा जाऊन आलो. दिसतात. बाईंना सांगितलं की दिसतात.

२ फेब्रुवारी

आजचा दिवस विसरणं शक्य नाही. पाणचक्की!

तिसरी वाट नदीच्या वरच्या अंगाला, तिन्हींत लांब. शेवटचं शेत संपलं की लव्हाळ्यातून पायवाट, मग जुना दगडी पाट. पाटात अजून पाणी वाहतं, कुणासाठी कोण जाणे. त्याच्या आवाजाच्या मागे मागे गेलो आणि वळणावर एकदम चक्की समोर उभी. छप्पर गेलेलं, चारी भिंती ताठ. आत दोन जाती पडलेली, माझ्या हातांच्या कवेत न मावणारी, आणि वरच्या जात्याच्या भोकातून नेचा उगवलाय. हिरवागार, एखाद्याने कुंडीत लावावा तसा. पूर्वी इथे काय गोंगाट असेल! पीठ, पोती, भांडणं, माझा नंबर आधी. आणि आता नुसता पाटाचा आवाज.

दगडावर बसून पोळी खात होतो, तर पाण्यातून एक चपटं डोकं वर आलं. मग दुसरं. पाणमांजरं! दोघं एकमेकांच्या अंगावर उड्या मारत, घसरगुंडी खेळत, पुन्हा वर चढून पुन्हा घसरत. मी घास तोंडात तसाच धरून बसलो. साठी उलटलेला माणूस, डोळ्यांत पाणी आलं. का, ते मलाही कळेना. बाजूला कुणीच नव्हतं "अगं, ते बघ" म्हणायला, म्हणून असेल.

परतताना जवळजवळ धावतच आलो. धाकटीने मला पोस्टासमोरून जाताना पाहिलं म्हणे, हाक मारली म्हणे, मी ऐकलं नाही. अंगणात पोचून एका दमात सगळं सांगितलं. पाणमांजरं कशी घसरतात ते ओट्यावरून हात घसरवून दाखवलं, तर कप पडला आणि फुटला. बाई म्हणाल्या, "राहू द्या, तसाही मला तो आवडत नव्हता. पुढे सांगा."

धाकटीने रात्रीचं वाढताना विचारलं, "काय रे, पाणचक्कीवरून घरी यायला पोस्ट आधी लागतं ना? मग पुढे जाऊन मागे कशाला आलास?"

म्हटलं, वाट आखायची म्हणजे शेवटपर्यंत चालून बघावं लागतं. तुला नाही कळायचं त्यातलं.

"मला नाहीच कळत," ती म्हणाली आणि तोंड फिरवून खांदे हलवत राहिली. खोकला झालाय बहुतेक.

११ फेब्रुवारी

मन लागत नाही. चिरंजीवांचा फोन आला. खोलीला नवा रंग दिलाय, माझ्यासाठी पलंग आणलाय. "बाबा, तिथे किती दिवस ताईआत्याला त्रास देणार?" प्रेमानेच म्हणाला. त्याचं चुकत नाही. वाटा चांगल्या झाल्या आहेत, पण उद्घाटनाला लोक आले नाहीत तर? आले आणि नाक मुरडून गेले तर? मी असा काय मोठा जाणकार लागून गेलो? एका म्हाताऱ्याला झिजलेल्या पायऱ्या आवडल्या म्हणून सगळ्या जगाला आवडतील असं कुठे आहे?

हिची आठवणही आली. ही असती तर म्हणाली असती, एवढं काय त्या नदीत, घरी नळाला पाणी येतं की. हसू आलं. तिला घर सोडून कुठे जायला आवडायचं नाही, आणि मी सोबत बसायचो. वाईट गेलं नाही काही. पण ही नदी बघायची राहिली असती.

संध्याकाळी पट्टीकडे गेलो नाही. जेवणही गेलं नाही.

१२ फेब्रुवारी

बाईंनी विचारलं, "काल कुठे होतात?" म्हटलं, बरं वाटत नव्हतं. "निरोप द्यायचा मग," म्हणाल्या, जरा रागानेच. "आकडा एकदा चुकला की पुढचा ताळमेळ लागत नाही." नदीचं काय सांगत होत्या, मला नीट कळलं नाही. काल पाणी तर जागच्या जागी होतं.

२४ फेब्रुवारी

मी माप घ्यायला शिकलो. सहजच, गप्पा मारता मारता. पायऱ्या उतरून शेवटच्या पायरीवर बसायचं, डोळा पाण्याच्या पातळीला आणायचा, उभ्याने बघितलं तर आकडा फसवतो. लाट येते तेव्हा बघायचं नाही, जाते तेव्हाही नाही. दोन्हींच्या मधलं धरायचं. पहिल्यांदा चुकलो. दुसऱ्यांदा चुकलो. तिसऱ्यांदा बाई म्हणाल्या, "जमेल हो बाणवाले, इतके काही ढ नाही तुम्ही." माझ्या खात्याने मला कधी एवढी शाबासकी दिली नव्हती.

साहेब आले, बघून गेले.

८ मार्च

उद्या उद्घाटन. अध्यक्ष दुपारी पोस्टात आले. "सगळं झालं?"

"सगळं," मी म्हटलं.

तीन तुकड्या तीन वाटांनी निघणार. मी सोबत जायचं नाही असा माझाच आग्रह. बाण कशाला आहेत मग? लोकांनी बाण बघत बघत जायचं आणि कार्यालयात परत यायचं. तिथे मंडप घातलाय, खुर्च्या मांडल्या आहेत, जिल्ह्याच्या साहेबांचं भाषण आहे. मी कार्यालयातच थांबून स्वागत करणार. नवा सदरा धाकटीने इस्त्री केला. लोक येतील की नाही, एवढीच धास्ती. पण बाणांची काळजी नाही. बाणांत मी चुकत नाही.

९ मार्च

कसं लिहू?

लोक आले. शंभराच्या आसपास, आजूबाजूच्या गावांतून, शहरातून. हसत खेळत निघाले. आम्ही कार्यालयात थांबलो. अध्यक्ष, जिल्ह्याचे साहेब, मी. वेळ झाली. कुणी आलं नाही. आणखी वेळ गेला. साहेबांनी घड्याळ बघितलं, अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं. मी दारापर्यंत गेलो, परत आलो. रिकाम्या खुर्च्यांवर चिमण्या बसल्या.

आणि मग मला आठवलं. गल्ली. शेवटचा तुकडा. तो मी रंगवलाच नव्हता! एकही खुंट नाही! जानेवारीपासून रोज उद्या, उद्या, आणि काल अध्यक्षांना सगळं झालं म्हणून सांगितलं, आणि खरंच मला वाटत होतं की झालं. माझ्या हिशेबी वाटा तिथेच संपत होत्या.

धावत गेलो. माझ्यामागे अध्यक्ष, त्यांच्यामागे साहेब. पट्टीबाईंच्या अंगणात शंभर माणसं! तिन्ही वाटांची! शेवटचा बाण ओट्याकडे दाखवतोय, म्हणून लोक ओट्यावर बसलेले, भिंतीवर बसलेले, झाडाखाली आडवे झालेले. रांजण रिकामा. एक बाई आतून चहाची पातेली आणून वाटतेय, ती धाकटी निघाली. पोस्ट बंद करून आली होती. आणि लोक खूश! एक जण मला म्हणाला, "काय सुंदर शेवट निवडलाय हो!"

पण पायऱ्यांवरही लोक बसले होते, खालपर्यंत, पाण्यात पाय सोडून. आणि दुपार झालेली. पट्टीबाई वरच्या पायरीवर उभ्या राहून ओरडत होत्या, "उठा! बाजूला व्हा! मला नदी बघायचीय!" कुणाला वाटलं कौतुकाने म्हणताहेत, त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या खाली पोचल्या तेव्हा उशीर झाला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचं माप वेळेवर गेलं नाही. माझ्यामुळे.

वर आल्या तेव्हा माझ्याकडे बघितलं नाही. अध्यक्षांनी मात्र सगळ्यांदेखत विचारलं, "फलक लावण्यात हयात गेली म्हणता, आणि तिन्ही वाटा एकाच बाईच्या अंगणात?"

लोक हसले. धरणी दुभंगली असती तर मी आत गेलो असतो.

१० मार्च

अंथरुणातून उठलो नाही. धाकटी चहा घेऊन आली. मी म्हटलं, "तुकडा राहून गेला गं. असं कसं झालं माझ्याकडून?"

ती पलंगाच्या कडेला बसली. इतकी हसली की चहा बशीत सांडला. "दादा, अख्ख्या गावाला जानेवारीपासून माहिती आहे असं कसं झालं ते. पोस्टात रोज विचारतात मला, आज कुठली वाट? तुला कधी कळणार?"

"काय कळायचं?"

तिने माझ्याकडे बघितलं. लहानपणी गणित चुकलं की आई बघायची तसं. मग उठून गेली.

मी भिंतीकडे तोंड करून पडलो. बाजाराचा रस्ता आठवला. तो इतका काही वाईट नव्हता. टायरांचं दुकान एकच आहे. गॅसची गाडी आठवड्यातून एकदाच येते.

अरे देवा.

१६ मार्च

समितीचा निर्णय आला. वाटा लोकांना आवडल्या, राहतील. राखणदाराच्या जागेचं पुढच्या वर्षी बघू. अध्यक्ष स्वतः सांगायला आले आणि पहिल्यांदाच हळू बोलले. म्हणाले, साहेबांना ताटकळत बसावं लागलं, त्यांच्या पुढे मला काही बोलता येईना. त्यांचंही बरोबर आहे.

चिरंजीवांना फोन केला. त्याने लगेच तिकीट काढलं. पंचवीस तारखेची सकाळची गाडी.

गल्लीत खुंट पुरून आलो. बाण रंगवले. अंगणाच्या कडेने गेलो, आत बघितलं नाही. आता काय तोंड दाखवायचं? मनात आलं, सगळेच बाण खरवडून काढावेत आणि सुटावं.

२३ मार्च

आज पट्टीबाई पोस्टात आल्या. संध्याकाळचं माप घेऊन थेट. त्या इथवर कधी येत नाहीत. मी आतल्या खोलीत सामान भरत होतो. धाकटी मोठ्याने म्हणाली, "दादा, बाहेर ये. तुझंच टपाल आहे."

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्या म्हणाल्या, "खात्याचा फोन आला होता. उशीर का झाला विचारलं. मी सांगितलं, माणसं आली होती. ते म्हणाले, ठीक आहे. एवढंच." मग म्हणाल्या, "इतकी वर्षं मला वाटत होतं की एक माप चुकलं तर आभाळ कोसळेल. दोन रात्री झोप लागली नाही. तिसऱ्या रात्री राग आला. तुमचा नाही. मी काय काय बघितलं नाही, त्याचा."

मी खुर्ची पुढे केली. त्या बसल्या नाहीत.

"उद्या दुपारचं माप तुम्ही घ्या. खात्याला कळवलंय, बदली माणूस आहे म्हणून. मी चक्की बघून येते."

"मी येतो वाट दाखवायला, माप धाकटी..."

"वाट दाखवायला बाण आहेत ना?" त्या म्हणाल्या. "की नाहीत?"

२४ मार्च

सकाळचं माप त्यांनी घेतलं, बूट बांधले, पाण्याची बाटली घेतली आणि निघाल्या. कोपऱ्यावर पहिला बाण बघून थांबल्या, मान डोलावली, वळल्या. मी ओट्यावर बसलो.

अशी सकाळ कधी गेली नव्हती. एकेक बाण मनात मोजत होतो. लव्हाळ्याजवळचा नीट दिसतो ना? पाटाच्या वळणावर रंग उडाला असेल का? शेतकऱ्याने खुंट उपटला नसेल ना? हजारो गाड्या माझ्या फलकांवरून गेल्या आणि मी निवांत जेवलो. आज एक बाई चालत गेली, आणि माझा डबा तसाच राहिला.

दुपार झाली. पायऱ्या उतरलो, शेवटच्या पायरीवर बसलो, डोळा पाण्याशी नेला. दोन लाटांच्या मधलं धरलं. तीनदा बघितलं. फोन करून आकडा सांगितला, पलीकडच्या माणसाने "ठीक" म्हटलं. साहेब पट्टीवर नव्हते, बरंच झालं.

मग वाट बघत बसलो. ऊन कललं. आता इथे लिहायला हरकत नाही: मला त्या परत यायला हव्या होत्या, बस, दुसरं काही नको होतं. खोली नको, राखणदारी नको. त्या कोपऱ्यावरून बूट वाजवत याव्यात एवढंच. हे मला कळायला तिन्ही वाटा रंगवाव्या लागल्या. कपाळ माझं.

आल्या. बुटांना चिखल, केसांत लव्हाळ्याचा तुरा, चेहरा उन्हाने लाल. इतका आनंद झाला की उठून उभा राहिलो आणि काय करावं न सुचून पुन्हा बसलो. त्या आधी पायऱ्यांवरून खाली गेल्या, पट्टी बघितली, माझा आकडा विचारला, मान हलवली. मग ओट्यावर माझ्या शेजारी बसल्या.

"चक्की तुम्ही सांगितलीत त्यापेक्षा लहान निघाली," म्हणाल्या.

मला जरा लागलंच. "लहान?"

"लहान. आणि पाणमांजरं आलीच नाहीत. मी बसले तरी बराच वेळ त्या जात्यावर. नेचा मात्र खरा आहे. हात लावून बघितला." केसांतला तुरा काढून हातात घेतला. "पाटाचं पाणी बघत होते. ते खाली येऊन माझ्याच पट्टीला लागणार. इतकी वर्षं आकडा लिहिला, ते कुठून येतं ते आज बघितलं." त्यांचा आवाज जरा बसला होता. चालण्यामुळे असेल. नाही, चालण्यामुळे नाही.

मी पाणी दिलं. पीत पीत म्हणाल्या, "एक विचारायचं होतं. प्रत्येक वळणाच्या आधी बाण आहे, ते समजलं. पण वळल्यावर पुढे पुन्हा एक बाण आहे. सगळीकडे. वळून झालेल्या माणसाला पुन्हा कशाला सांगायचं?"

"दिलासा म्हणून," मी म्हटलं. "आपण चुकलो नाही, एवढं त्याला कळावं."

त्यांनी रिकामा पेला ओट्यावर ठेवला. खाली नदी जात होती, जाते की नाही कळू नये इतकी हळू.

"बाण बरोबर आहेत तुमचे," म्हणाल्या. "एकही पुसू नका." आणि मग, बुटाची नाडी सोडत, माझ्याकडे न बघता, "उद्या बुरुज बघीन म्हणते. दुपारचं माप घ्याल?"

माझी गाडी उद्या सकाळची आहे. बॅग भरून पोस्टाच्या दारात ठेवलेली आहे, आणि येताना त्या त्याच दारावरून आल्या आहेत.

"घेतो," मी म्हटलं.